गाइड सोबत असला तरी फावडे आपल्याही पाठीवर हवे

नाशिकच्या भटक्या मंडळींत सध्या एक संदेश फिरतो आहे. आल्प्समध्ये किंवा गुलमर्गला आखलेल्या मार्गांबाहेर, म्हणजे ऑफ-पिस्ट, स्कीइंग करू पाहणाऱ्यांना त्यात धीर दिला आहे: प्रमाणित गाइड घेतला की हिमस्खलनाची चिंता त्याची, धोक्याचा अंक ५ पैकी ३ असला तरी तो मधलाच, शोधयंत्र आणि फावडे गाइडकडे असतेच, फक्त आरडाओरडा करू नये, आणि हरिहर, साल्हेर केलेल्याला उताराचे भय कसले? गाइड घ्यावा हे मलाही मान्य आहे. बाकीचे चुकीचे आहे, आणि त्यातली एक चूक जिवावर बेतणारी आहे.

आवाजाचा मुद्दा लवकर संपतो. माणसाच्या ओरडण्याने हिमस्खलन होत नाही, ते भाराने होते. वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फाचा घट्ट थर साखरेसारख्या सुट्या, ठिसूळ कणांवर टेकलेला असतो. एका माणसाच्या भाराने ते कण एका जागी ढासळले की भेग क्षणात दूरवर धावते आणि वरचा सगळा थर लादीसारखा सुटतो. त्यासाठी उतार साधारणपणे ३० अंशांहून अधिक लागतो, आणि स्कीइंगची गोडी असते तीही याच उतारांवर. जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे ९० टक्क्यांत स्खलन सुरू करणारा स्वतः अडकलेला माणूस किंवा त्याचाच सोबती असतो. त्यामुळे गाइड सुखरूप उतरला म्हणजे उतार पक्का, असे मानता येत नाही. वरचा थर जिथे पातळ आहे तिथून, त्याच्या खुणेपासून थोडेसे बाजूला गेलेला पाचवा माणूसही तो थर मोकळा करू शकतो.

आता ३ हा अंक. युरोपात १९९३ पासून एकच पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरली जाते, पण तिच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, कारण प्रत्येक पायरीला धोका कित्येक पटींनी वाढतो. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यातले साधारण ३० टक्के दिवस ३ अंकाचे असतात, तर हिमस्खलनातले सुमारे निम्मे मृत्यू याच दिवसांत होतात. ४ आणि ५ ला लोक घरी बसतात. ३ ला आकाश निळे असते, बर्फ ताजा असतो आणि मोह आवरत नाही.

सर्वांत घातक वाक्य उपकरणांचे आहे. ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारे आणि पकडणारे शोधयंत्र, लांब शोधकाठी आणि फावडे ही तिन्ही प्रत्येकाकडे असावी लागतात, कारण यंत्र अंगावर नसलेला माणूस बर्फाखाली इतरांना वेळेत सापडणे फार कठीण असते, आणि गाडला जाणारा गाइडही असू शकतो. त्या वेळी त्याला शोधणार कोण? पूर्ण गाडल्या गेलेल्यांची जगण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. हेलिकॉप्टर बहुधा त्यानंतर येते. फ्रान्सच्या आल्प्समधल्या शामोनीला गाइडसोबत काढलेल्या माझ्या एका दिवसात त्याने सकाळी प्रत्येकाचे यंत्र तपासले, पुरलेले यंत्र आम्हाला शोधायला लावले आणि फावडे कसे मारायचे तेही करवून घेतले. स्खलन थांबल्यावर बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, हाताने उकरता येत नाही. त्या तालमीतही माझा वेळ पाच मिनिटांच्या पुढे गेला होता, ते आठवले की अजून पोटात गोळा येतो. दुपारी ऊन चढल्यावर ठरलेला उतार सोडून त्याने आम्हाला परत फिरवले. त्याचे खरे मोल मला त्या नकारात दिसले. संदेशात मात्र गाइड म्हणजे धोक्यातून नेणारी ढाल, असेच चित्र आहे.

सह्याद्रीचा अनुभव वाया जात नाही. घसाऱ्यावर खालच्याच्या डोक्यावर दगड जाऊ नये म्हणून आपण एकेक जण उतरतो. संशयास्पद उतारावरही एकानेच जायचे, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, म्हणजे भारही कमी पडतो आणि गाडला गेला तर एकच जण गाडला जातो. ही शिस्त आपल्या अंगात आहे. पण हरिहरच्या पायऱ्या काल होत्या तशाच आज असतात. बर्फाचा उतार रात्रीच्या वाऱ्याने बदलतो, आणि ते ओळखणे कातळ चढून येत नाही.

राहिला गुलमर्ग, ज्याबद्दल संदेश म्हणतो की तिथे तर नुसते गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, वर जायचे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी तिथल्याच खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थी तुकडीवर हिमस्खलन आले आणि १७ जवान गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच परिसरात एक रशियन स्कीपटू मरण पावला. आपल्यापैकी जे या हिवाळ्यात तिथे जाणार आहेत, त्यांनी यंत्र भाड्याने घेण्याआधी त्याची बॅटरी पाहावी, आणि गोंडोलात बसण्यापूर्वी एकमेकांची यंत्रे पुरून शोधण्याचा सराव करावा.