सेव्हिलचे संत अँथनी आणि देहूची बीज

तुकाराम बीज जवळ आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटात दरवर्षी तोच वाद पेटतो: तुकोबा सदेह वैकुंठाला गेले की त्यांचा घात झाला, गाथा इंद्रायणीवर तरली की लोकांच्या मुखी राहिली. यंदा पुण्याचा चुलतभाऊ आणि धाकटे काका यांच्यात इतकी जुंपली की काकांनी गटच सोडला. मी अकरा वर्षांपासून स्पेनमधल्या सेव्हिलला राहतो. काकांनी गट सोडल्याचे वाचले आणि दुसऱ्या दिवशी मी इथल्या कॅथीड्रलमधल्या एका चित्रासमोर जाऊन उभा राहिलो.

सेव्हिलचाच चित्रकार मुरिल्यो याने 1656 साली काढलेले हे चित्र साडेपाच मीटरहून उंच आहे. खाली अंधाऱ्या खोलीत पादुआचे संत अँथनी गुडघे टेकून, दोन्ही हात पसरून वर पाहत आहेत. वर सोनेरी ढगांतून, देवदूतांच्या गर्दीतून बाळ येशू उतरत आहे. टेबलावर लिलीची फुले आहेत, दार उघडे आहे आणि दारापलीकडे मठाचा साधा, रोजच्या उजेडातला चौक दिसतो. संतांचे हात आणि ते बाळ यांच्यामध्ये मुरिल्योने मोठी मोकळी जागा ठेवली आहे. दर्शन घडत असले तरी भेट अजून व्हायची आहे, आणि संतांच्या चेहऱ्यावरची सारी ओढ त्या रिकाम्या जागेतूनच कळते.

1874 साली चोरांनी या चित्रातून फक्त संतांची आकृती कापून नेली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका चित्रविक्रेत्याकडे ती सापडली आणि परत आणून मूळ जागी जोडण्यात आली. उजेड नीट पडला तर जोडाची रेघ दिसते.

संत अँथनी 1231 साली वारले. बाळ येशूच्या दर्शनाची ही कथा त्यांच्या सर्वांत जुन्या चरित्रात नाही, ती नंतरच्या चमत्कारकथांतून येते. माझ्या शेजारच्या आजींना मी हे सांगितले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "असेल," आणि दर मंगळवारप्रमाणे संत अँथनींपुढे मेणबत्ती लावायला गेल्या. इथे सगळे पहिल्यापासून असे समजूतदार होते, असे मात्र मी म्हणणार नाही. मुरिल्यो लहान असताना, 1623 साली, याच शहरात इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायसभेने, साक्षात्काराचा दावा करणाऱ्या मंडळींविरुद्ध फर्मान काढले होते, आणि धार्मिक चित्रांवर देखरेख ठेवायला माणूस नेमलेला होता. दर्शन खरे की खोटे हे ठरवण्याचा अधिकार तेव्हा एका कचेरीकडे होता. आपल्या गटातल्या वादात प्रत्येक जण तीच कचेरी उघडून बसतो, आणि याचेच मला दुःख होते.

तुकोबा आणि मुरिल्यो एकाच शतकातले. तुकोबांनी 1630 च्या सुमाराचा भीषण दुष्काळ पाहिला. एक बायको अन्न अन्न करत मेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगून ठेवले आहे. मुरिल्योच्या शहरात 1649 च्या प्लेगने जवळजवळ निम्मी माणसे नेली, आणि हे चित्र त्यानंतर सातच वर्षांनी काढलेले आहे. पांडुरंगाला बरोबर घेऊन नामदेवांनी आपल्याला स्वप्नात जागे केले आणि कवित्व करायला सांगितले, असे तुकोबा म्हणतात. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंनाही कोल्हापुरात तुकोबांनी स्वप्नातच उपदेश केला. 'स्वप्न' हा शब्द वापरायला या दोघांना संकोच वाटला नाही, मग त्याला विमानाचा पुरावा मागणाऱ्यांनी आणि विमान शपथेवर खरे ठरवणाऱ्यांनी काय मिळवले?

चुलतभावाचे इतिहासाचे प्रश्न योग्य आहेत. घात झाला असेल तर तो शोधलाच पाहिजे. काकांची श्रद्धाही मला प्रिय आहे, लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून मी देहूला गेलो आहे. पण वैकुंठगमनाचे चित्र म्हणजे गरुडाचे विमान आणि खाली हात जोडलेली माणसे, एवढेच आपण कॅलेंडरवर पाहत आलो. भंडारा डोंगरावर एकटे बसलेले, दुकान बुडालेले, बायको गेलेले तुकोबा आणि त्यांच्या वरचे मोकळे आभाळ कुणीतरी मन लावून रंगवावे, असे मला फार वाटते.

काकांना मी आज रात्री फोन करणार आहे. विमान आले होते की नाही, हे विचारणार नाही. नामदेवांनी जागे केले त्या पहाटे तुकोबांचा चेहरा कसा दिसत असेल, एवढेच त्यांना विचारीन.