हिशेब डिसेंबरपासून मागे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. एम्परर पेंग्विनांवरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात पिल्ले वाढवण्याचे कारण मी ‘तेव्हा शत्रू नसतात’ एवढ्यावर उरकले; ॲडेली पेंग्विनांप्रमाणे यांनीही ऑक्टोबरच्या सुमारास अंडी का घालू नयेत, असे आपण विचारता. उपाशी राहून अंडे उबवणाऱ्या नराला ‘तपस्वी पिता’ म्हणताना मादीवर अन्याय केला. आणि हवामान उबदार होण्याबद्दलची माझी चिंता अनाठायी आहे, कारण थंडी कमी झाली तर या पक्ष्यांचे हालही कमीच होतील. पहिला आक्षेप पूर्ण मान्य आहे आणि दुसरा बराचसा. तिसरा मात्र पटत नाही, आणि तो का पटत नाही हे पहिल्याच्याच उत्तरातून स्पष्ट होईल.

भर हिवाळ्यात वसाहतीभोवती शिकारी पक्षी फारसे नसतात, हा फार तर एक लाभ झाला. खरे कारण समजून घ्यायचे तर या पेंग्विनांचे वर्ष शेवटाकडून वाचायला हवे. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, किनाऱ्याला घट्ट चिकटलेला समुद्री बर्फ फुटू लागतो, खुले पाणी वसाहतीच्या जवळ येते आणि मासे, क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव), म्हाकूळ यांची चंगळ असते. पिल्लाला समुद्रात उतरायचे तर ते याच सुमारास, म्हणजे पुढचा हिवाळा येण्याआधी शिकार शिकायला त्याला काही महिने मिळतात. अंडे घातल्यापासून पिल्लू स्वतंत्र होईपर्यंत साधारण सात महिने लागतात. त्यातले दोन उबवण्यात आणि उरलेले भरवण्यात जातात. डिसेंबरमधून सात महिने वजा केले की आपण मे महिन्यात, ध्रुवीय रात्रीच्या तोंडाशी येऊन पोहोचतो. आपण सुचवल्याप्रमाणे ऑक्टोबरमध्ये अंडे घातले असते, तर नवशिके पिल्लू पुढच्या मे महिन्यात अंधारात आणि गोठत्या समुद्रात ढकलले गेले असते.

आपण ॲडेली पेंग्विनांचा दाखला दिला आहे. ते उन्हाळ्यात अंडी घालतात हे खरेच. पण ते आकाराने बरेच लहान, आणि त्यांची पिल्ले दोनेक महिन्यांत तयार होत असल्याने सगळा कारभार एका उन्हाळ्यात बसतो. अधिक जवळचे उदाहरण किंग पेंग्विनांचे आहे. दक्षिण जॉर्जिया किंवा क्रोझे बेटांवर त्यांची पिल्ले अंड्यापासून स्वतंत्र होईपर्यंत वर्षाहून अधिक काळ घेतात आणि हिवाळा बहुतेक अर्धपोटी काढतात, त्यामुळे त्यांना दरवर्षी पिल्लू वाढवणे जमत नाही. एम्पररांचे पिल्लू प्रौढाच्या जेमतेम निम्म्या वजनावर समुद्र गाठते. त्यांनी वेळ वाचवला आहे तो असा.

आता मादीविषयी. नर सुमारे ६५ दिवस पायांवर अंडे पेलून, पोटाच्या घडीखाली ते झाकून उभा राहतो, आणि वसाहतीत आल्यापासून धरले तर त्याचा उपास जवळपास चार महिन्यांचा होतो. त्यात त्याचे सुमारे ४० टक्के वजन घटते. परंतु मादीही अंडे घालीपर्यंत महिना-दीड महिना उपाशीच असते, आणि सुमारे ४५० ग्रॅमचे ते अंडे तिने अंगातल्याच साठ्यातून घडवलेले असते. ती निघते ती बर्फावरून कित्येक किलोमीटर चालत समुद्र गाठायला, आणि दोनेक महिन्यांनी पोटात पिल्लाचा आहार घेऊन परतते. तिला उशीर झाला तर नर अन्ननलिकेत स्रवणाऱ्या दह्यासारख्या द्रवावर पिल्लाला काही दिवस जगवतो, पण फार काळ नाही. तिच्या परतण्यावर पिल्लाचा जीव अवलंबून असताना नराला एकट्याला तपस्वी ठरवणे ही माझी चूक होती.

राहिला तिसरा आक्षेप. थंडीवर या पक्ष्यांकडे उपाय आहे: दाटीवाटीने उभ्या असलेल्या घोळक्यात तापमान ३७ अंश सेल्सियसपर्यंत चढल्याची नोंद आहे. पायाखालचा बर्फ वेळेआधी फुटला तर मात्र त्यावर उपाय नाही, कारण पिल्लाची लव पाणी अडवत नाही. जलरोधक पिसे येण्याआधी ते पाण्यात पडले तर वाचत नाही. बर्फ फार दूरवर पसरला तर पालकांची पायपीट वाढते हेही मान्य, पण लवकर फुटणे अधिक घातक. २०१६ मध्ये अंटार्क्टिकातील हॅली बे येथील वसाहतीखालचा बर्फ वादळात फुटला आणि त्यानंतरची दोन वर्षेही तेथे जवळजवळ एकही पिल्लू वाढले नाही. त्या काळात जवळच्या डॉसन-लॅम्बटन वसाहतीतील संख्या वाढली, म्हणजे काही प्रौढांनी जागा बदलली असावी, एवढा दिलासा आहे. २०२२ मध्ये अंटार्क्टिकालगतच्या बेलिंगशॉसेन समुद्रातील पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ पिल्ले तयार होण्याआधीच गेला, असे ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या संशोधकांना उपग्रहचित्रांत दिसले. बर्फ डिसेंबरपर्यंत टिकेल याच भरवशावर मे महिन्यात अंडे घातले जाते. तो नोव्हेंबरातच गेला तर सौम्य झालेला हिवाळा पिल्लाच्या काय उपयोगाचा?

शत्रूंविषयीचे ते वाक्य आणि ‘तपस्वी’ हा शब्द मूळ लेखातून काढला आहे. तिसऱ्या मुद्द्यावरील परिच्छेद तसाच ठेवला आहे.