हिरवी वायर कापा, निवांत व्हा

जुना व्हॉल्व्हवाला गिटार अ‍ॅम्प हाताला लागला? अभिनंदन! कुणाचा बोटीवरचा मामा घेऊन येतो, कुणाला मुंबईच्या चोरबाजारात सापडतो, कुणाला गोव्यातल्या एखाद्या बंद पडलेल्या बँडकडून हापूसच्या दोन-चार पेट्यांच्या भावात मिळतो. आता तो चालू करायचा म्हणजे मेन्सची, घरच्या विजेची, वायरिंग आली. त्याबद्दल चार सूचना देतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मांडवामांडवांत त्या वर्षानुवर्षं पाळल्या जातात, तेव्हा शंका काढू नये.

आधी प्लग. अमेरिकन अ‍ॅम्पच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटात जात नाहीत. कापून टाका. वायरी दाताने सोला, भोकांत खोचा आणि वरून काड्यापेटीच्या दोन काड्या मारा. सत्यनारायणापासून शिमग्याच्या ऑर्केस्ट्रापर्यंत आपलं सगळं सांस्कृतिक जीवन त्या दोन काड्यांवरच तर उभं आहे. पावसाळ्यात त्या फुगतात, मग तर हलतही नाहीत.

मागच्या बाजूला ‘११७ व्होल्ट’ असं काहीतरी छापलेलं दिसेल. तो मॉडेल नंबर असणार. बिनधास्त २३० मध्ये घाला. फारच भित्रे असाल तर सगळ्यात स्वस्त स्टेप-डाउन आणा. तो बहुतेक ऑटो-ट्रान्सफॉर्मर निघतो, म्हणजे व्होल्टेज उतरवतो, पण अ‍ॅम्पला लाइनपासून तोडत नाही. पण तुम्हाला काय करायचंय, दिवा लागला ना?

फ्यूज उडाला तर सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. पुन्हा उडाला तर दोन पदर.

रंगांचा बाऊ करू नका. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत काळीच फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. नव्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. एवढं कोण लक्षात ठेवणार? काळीला काळी जोडा. उलटं झालं तर फ्यूज आणि स्विच दोन्ही न्यूट्रलवर जातील, म्हणजे स्विच बंद, लाल दिवा विझलेला आणि आत ट्रान्सफॉर्मरपर्यंत फेज तशीच जिवंत. त्यानंतर तुम्ही निश्चिंत मनाने आत हात घालाल. घाला.

प्लग काढल्या काढल्या, वीज साठवून ठेवणाऱ्या मोठ्या कंडेन्सरांना बोट लावून बघा. चारशे व्होल्ट डीसी काय असतात ते एकदा कळलेलं बरं.

आता मुख्य उपाय. अ‍ॅम्पमध्ये हम, म्हणजे सतत घूंऽऽ आवाज, येतोय? हिरवी वायर, म्हणजे अर्थची, कापा. बस्स. हा शोध आमच्याकडच्या प्रत्येक साउंडवाल्याला उपजत लागलेला असतो. मागच्याच आठवड्यात अशा एका शोधाचं फळ एका मंडळाच्या पोरांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं. साठच्या दशकातला अमेरिकन अ‍ॅम्प, मागे ‘ग्राउंड’, म्हणजे अर्थ, लिहिलेला छोटा स्विच. पूर्वी कुणा शहाण्या माणसाने त्याला तीन कोरची कॉर्ड बसवलेली होती. नंतर कुणीतरी प्लगची जाडी पिन पक्कडीने उपटलेली, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून आत हिरवी वायर कापून टोकाला नीट टेप गुंडाळलेली. किती काळजी! वायर कुठे टेकू नये म्हणून! चालू करून चासीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, टेस्टर लावला तर नवरात्रातल्या तोरणासारखा पेटला. कारण त्या ग्राउंड स्विचच्या मागे मेन्सच्या एका वायरीतून थेट चासीला जाणारा कंडेन्सर होता, आणि पन्नासेक वर्षांनी तो फुटून शॉर्ट झालेला. परदेशातले मेकॅनिक त्याला उगीच ‘डेथ कॅप’, म्हणजे जीवघेणा कंडेन्सर, म्हणत नाहीत. ज्या वायरीने हा करंट जमिनीत नेऊन फ्यूज उडवायचा, नेमकी तीच कापलेली. मंडळाच्या वायरमनला फोन केला. म्हणाला, “हम येत होता म्हणून काढली. इतकी वर्षं करतोय, काय होत नाय ओ.”

काय होत नाय! अहो, गिटारच्या तारा ब्रिजमधून, जॅकमधून थेट चासीला जोडलेल्या असतात. चासीत करंट म्हणजे पोराच्या बोटांत करंट. समोरच्या माइकची जाळी मिक्सरमधून अर्थ झालेली. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की मधे काय येतं? छाती. खाली मांडवातली ओली जमीन, पायात चप्पल नाही. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लावून स्टेजवरच गेला. हजारो लोकांसमोर वाजवलेला माणूस. त्यालाही कुणीतरी काय होत नाय असंच म्हणालं असेल.

आणि हम? अ‍ॅम्प एका बोर्डात, मिक्सर पन्नास फुटांवर दुसऱ्या बोर्डात, दोघांची अर्थ वेगळी, मधे केबल. तिथे लूप होऊन हम येतो. दोघांना एका बोर्डावर घ्या. नाहीच भागलं तर डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला देणारा मधला डबा, आणा आणि ऑडिओच्या बाजूची ग्राउंड उचला. मेन्सची उचलायची नाही, कधीच. हम जरा वरच्या सुरातला, १०० हर्ट्झचा असेल तर फिल्टरचे कंडेन्सर वाळलेत. ते बदला. दोन-तीन हजारांचं काम आहे. त्याला पैसे नाहीत आणि डीजेच्या भिंतीला आहेत.

मला आता उपरोध जमत नाही, सरळ सांगतो. तीन कोरची कॉर्ड घ्या, ती मागे क्लॅम्पमध्ये आवळा. हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा लांब ठेवा, म्हणजे कॉर्ड ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी तुटेल. तिला चासीवर स्वतःचा बोल्ट द्या, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टात भागीदारी नको; रंग-गंज खरवडा, दातेरी वॉशर घाला, आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने वर्षात पकड सुटते. फेज फ्यूज होल्डरच्या मागच्या टोकाला, तिथून स्विच. तो मेन्सचा कंडेन्सर कापून फेका. मग मीटरने प्लगच्या जाड्या पिनेपासून चासीपर्यंत रेझिस्टन्स बघा, जवळजवळ शून्य यायला हवा, आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब, म्हणजे लाइनच्या वाटेत जोडलेला फिलामेंटचा बल्ब, लावूनच करा. यातलं काही येत नसेल तर येणाऱ्याकडे जा. लाज कसली त्यात?

त्या मंडळाच्या पोरांनो, अ‍ॅम्प तयार आहे, पण एवढ्यात देणार नाही. आधी तुमच्या मांडवाचं अर्थिंग कुठे आहे ते दाखवा. तुमच्या सड्यावर वीतभर खाली जांभा लागतो, खड्डा खणायला कुणाच्या जिवावर येतं ते मला ठाऊक आहे. खणा. मीठ-कोळसा घाला, उन्हाळ्यात पाणी घाला, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवा. वर्गणी कमी पडली तर कमान लहान करा. आणि तो वायरमन पुन्हा पक्कड घेऊन अ‍ॅम्पजवळ दिसला तर त्याचा हात धरा. तुमच्यात गिटार वाजवणारा एकच पोरगा आहे, तो जेमतेम अकरावीत आहे, आणि त्याच्या आईला यातलं काहीही माहीत नाही.