कमरेला पिस्तूल असेल तर ग्लास नको

अमेरिकेत राहणारी आपली काही मंडळी परवाना काढून कपड्यांआड पिस्तूल बाळगतात. त्यांच्यात हा प्रश्न हमखास निघतो: पार्टीला सोबत असेल तर एखादा पेग चालतो का? माझं मत सरळ आहे. नाही चालत. अर्धाही नाही.

कायद्याकडे बोट दाखवणारे बहुतेकदा गाडी चालवण्यासाठीची रक्तातल्या अल्कोहोलची ०.०८ टक्क्यांची मर्यादा धरून बसतात. मिशिगनमध्ये परवानाधारकाला ती ०.०२ पासूनच लागू होते. ०.०२ ते ०.०८ ला दंड, ०.०८ च्या पुढे फौजदारी गुन्हा, ०.१० ला परवानाच रद्द. टेक्सासमध्ये सार्वजनिक ठिकाणी नशेत हँडगन बाळगणं हा क्लास ए (फेलनीहून खालच्या दर्जाचा) गुन्हा आहे, आणि शरीर-मनावरचा ताबा सुटल्याचं दिसलं तर आकडा ०.०८ च्या खाली असूनही तो लागतो. शिवाय ज्या बारची निम्म्याहून जास्त कमाई दारूतून होते तिथे लाल रंगात ५१% ची पाटी असते. तिथे पिस्तूल घेऊन शिरलात तर न पिताही फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. व्हर्जिनियात दारूचा परवाना असलेल्या रेस्टॉरंटमध्ये पिस्तूल लपवून बसता येतं, पण तिथे घोट घेता येत नाही.

आता आपल्या पेगचा हिशोब. अमेरिकेतलं एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल, ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचे साधारण ४४ मिली. आपल्या बेसमेंटमधल्या पार्टीत यजमान ६० मिलीचा लार्ज भरतो, म्हणजे जवळजवळ १९ ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाला तेवढा एकच पेग ढोबळमानाने ०.०४ वर नेतो, ६० किलोच्या बाईला ०.०५ च्या वर. शरीर तासाला ०.०१५ च्या आसपासच उतरवतं. कॉफीने, लिंबूपाण्याने, चकण्याने तो वेग वाढत नाही. आणि 'अहो, एकच घ्या' म्हणणारा यजमान दुसरा भरताना विचारतो कुठे?

पण माझा खरा आक्षेप आकड्यांवर नाही. दारू सगळ्यात आधी घेते ती 'आपल्याला चढली आहे' ही जाणीव, त्यामुळे दोन पेगांनंतर आपण ठीक आहोत हा निवाडा करणारा माणूसच ठीक नसतो. भांडण टाळून बाहेर पडायचं की नाही, हेही तोच ठरवणार. आणि स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागलीच, तर सरकारी वकील पहिल्यांदा रक्ताचा अहवाल मागेल.

भांडण न होताही घात होतो. पार्टीतून निघताना गाडीत बसून पिस्तूल रिकामं करायला घेणं हा त्यातला नेहमीचा प्रकार. योग्य क्रम असा: आधी मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, मग चेंबर (झाडायची गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासायचं. झिंगलेला हात क्रम उलटा करतो. स्लाइड आधी ओढली की चेंबरमधली गोळी बाहेर पडते, पण मॅगझिनमधली दुसरी लगेच तिची जागा घेते. मग मॅगझिन काढून माणूस निश्चिंत होतो. ग्लॉकसारखं पिस्तूल खोलायचं तर ट्रिगर दाबावाच लागतो, आणि तिथेच बार उडतो. दुसरी गफलत बाथरूममधली: पिस्तूल काढून कडेला ठेवलं जातं आणि विसरलं जातं. घरात पोरं धावत असतात. पर्समध्ये पिस्तूल ठेवणाऱ्या बायकांनी तर पर्स पलंगावरच्या कोटांच्या ढिगात अजिबात टाकू नये.

म्हणून निर्णय घर सोडतानाच घ्यायचा. प्यायचं असेल तर पिस्तूल घरच्या तिजोरीत. वाटेत बेत बदलला, तर पहिला घोट घेण्याआधी ते होल्स्टरसकट (कमरेच्या म्यानासकट) उतरवून सीटच्या सांगाड्याला केबलने बांधलेल्या लॉकबॉक्समध्ये. ग्लव्ह बॉक्स ही जागा नव्हे, काच फोडणारा चोर पहिला हात तिथेच घालतो. मिशिगनमध्ये प्यायलेल्याला ते डिकीत कुलूपबंद नेण्याची मुभा आहे. इतर राज्यांत नियम वेगळे, आपापले वाचून घ्या.

एच-वन-बी व्हिसावर असाल, तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून बंदूक बाळगणंच संघीय कायद्याने मना आहे, तेव्हा मित्राचं पिस्तूल 'जरा धर' म्हणून हातात घेऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांना मुभा आहे, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे हद्दपारीचं कारण होऊ शकतं.

आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. रात्री दहाला बसून चार लार्ज घेतले, तर त्याच ७० किलोच्या माणसाच्या रक्तात सकाळी सातलाही ०.०२ च्या वर उरलेलं असू शकतं. तेव्हा दुपारपर्यंत होल्स्टर खुंटीलाच राहू द्या.