दार कोर्टाने उघडलं नाही, बाईंनी कायदा करून घेतला

एक पोस्ट सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरते आहे. वर करारी चेहऱ्याच्या बाईंचा जुना फोटो आणि खाली मजकूर: बेल्वा लॉकवुड, अमेरिकेची पहिली महिला वकील, कॉलेजने पदवी अडवली तेव्हा राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून ती मिळवली, हुशारी पाहून सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी दार उघडलं, १८८४ मध्ये गंमत म्हणून राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिली, पण बायकांना मतदानच नव्हतं, म्हणून एकही मत मिळालं नाही.

बाई मोठ्या होत्या यात वाद नाही. पण पोस्टमध्ये त्यांची लढाईच उलटी मांडली आहे.

‘पहिली महिला वकील’ हे सरळ चूक. आयोवात अराबेला मॅन्सफिल्ड यांना १८६९ मध्येच सनद मिळाली होती. लॉकवुड यांच्याच वॉशिंग्टन शहरात शार्लट रे ही कृष्णवर्णीय तरुणी १८७२ मध्ये वकील झाली, म्हणजे यांच्या एक वर्ष आधी. त्यांचं नाव कुठल्याच फॉरवर्डमध्ये दिसत नाही, हे जाता जाता.

पत्राची गोष्ट मात्र खरी. नॅशनल युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलने अभ्यासक्रम पुरा करून घेतला आणि पदवीपत्र द्यायची वेळ आली तेव्हा हात आखडता घेतला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट हे त्या संस्थेचे पदसिद्ध अध्यक्ष. बाईंनी १८७३ मध्ये त्यांना खडसावूनच लिहिलं: तुम्ही या संस्थेचे अध्यक्ष आहात की नाही? असाल तर माझं पदवीपत्र द्या. लवकरच ते हातात पडलं.

आता मुख्य मुद्दा. हुशारी पाहून दार वगैरे काही उघडलं नाही. १८७४ मध्ये सरकारविरुद्धचे दावे चालवणाऱ्या ‘कोर्ट ऑफ क्लेम्स’मध्ये त्या सनदेसाठी उभ्या राहिल्या. न्यायाधीश ड्रेक म्हणाले, “तुम्ही स्त्री आहात.” बाईंनी हा आरोप मान्य केला! पुढच्या वेळी आक्षेप आला की तुम्ही विवाहित आहात. त्यावर त्या म्हणाल्या, हो, पण नवऱ्याच्या संमतीने आले आहे. आणि नवरा, डॉ. लॉकवुड, तिथे हजर होता. तरी अर्ज फेटाळलाच. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच केलं. सरन्यायाधीश वेट यांचं म्हणणं असं की इथे पहिल्यापासून फक्त पुरुषांनाच घेतलं जातं. कायदा बदलला किंवा राज्यांच्या वरिष्ठ कोर्टांत तशी वहिवाट पडली, तर बघू.

दुसरं कुणी हे ‘पुन्हा येऊ नका’ असं वाचलं असतं. बाईंनी त्यातला ‘कायदा’ हा शब्द तेवढा उचलला आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, पायऱ्या झिजवायला लागल्या. विधेयकाचा मसुदा, सदस्यांच्या गाठीभेटी, सिनेटमध्ये सार्जंट यांच्यासारख्यांचा पाठिंबा, असं करत १५ फेब्रुवारी १८७९ ला राष्ट्राध्यक्ष हेज यांनी सही केली. तीन वर्षं वरिष्ठ कोर्टात सनद असलेल्या, चांगल्या चारित्र्याच्या स्त्रीला सर्वोच्च न्यायालयात घ्यावंच लागेल, असा तो कायदा. ३ मार्चला त्यांचं नाव पटावर चढलं. पुढच्याच वर्षी त्यांनी तिथे युक्तिवादही केला, आणि असा युक्तिवाद करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पोस्टवाल्याला ‘पहिली’ हा शब्द हवाच असेल तर तो इथे शोभतो.

आणि दार उघडलं तेही फक्त संघराज्याच्या कोर्टांचं. व्हर्जिनिया राज्याने सनद नाकारली तेव्हा त्या याच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथल्या कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं लिहिलं होतं. १८९४ मध्ये निकाल आला: ‘व्यक्ती’ म्हणजे फक्त पुरुष की स्त्रियाही, हे व्हर्जिनियाने ठरवावं. पंधरा वर्षं जिथे वकिली केली, त्याच कोर्टाने हे ऐकवलं. आपल्याकडेही १९१६ मध्ये कलकत्ता हायकोर्टात रेजिना गुहा यांचा वकिलीचा अर्ज ‘व्यक्ती’ याच शब्दावर अडला होता. ती अडचण १९२३ च्या कायद्याने सुटली.

निवडणुकीचं सांगायचं तर ‘पहिली उमेदवार’ कोण यावर घासाघीस आहे. व्हिक्टोरिया वुडहल १८७२ मध्ये उभ्या होत्या, पण त्यांचं वय त्या पदासाठी लागणारं ३५ भरलेलं नव्हतं. लॉकवुड यांची उमेदवारी मात्र थट्टा नव्हती. थट्टा इतरांनी केली; बायकांचे झगे घालून पुरुषांनी मिरवणुका काढल्या. त्या स्वतः म्हणायच्या, मी मत देऊ शकत नाही, पण लोक मला मत देऊ शकतात. आणि ते दिलंही गेलं, अर्थात पुरुषांनी. अनेक राज्यांत मिळून चार हजारांच्या वर मतं पडली. पेन्सिल्व्हेनियात आपली मतं न मोजता कचऱ्याच्या टोपलीत टाकली, अशी तक्रार त्यांनी काँग्रेसकडे लेखी केली. शून्य मतं मिळालेला उमेदवार अशी तक्रार कशाला करेल? १८८८ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

त्यांचा सगळ्यात मोठा खटला तर पोस्टमध्ये नाहीच. १८३० च्या दशकात चेरोकी या अमेरिकेच्या मूळ रहिवासी लोकांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावलं गेलं. त्या व्यवहाराचे थकलेले पैसे व्याजासह मिळावेत म्हणून लॉकवुड त्यांच्या बाजूने लढल्या. १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि रक्कम पन्नास लाख डॉलरच्या आसपास गेली. बाई तेव्हा पंचाहत्तर वर्षांच्या होत्या.