खुलासा : व्हॉट्सॲप सोशल मीडियातच मोडतं

‘व्हॉट्सॲप खासगी आहे, सोशल मीडिया नाही, म्हणून आयटी नियम इथे लागू नाहीत, बिनधास्त फॉरवर्ड करा’ असा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांतच सोशल मीडियाची व्याख्या दिली आहे. दोन किंवा अधिक वापरकर्त्यांचा ऑनलाइन संवाद घडवणं हेच जिचं मुख्य काम आहे आणि जिथे मजकूर तयार करता, टाकता, पसरवता येतो, ती सेवा सोशल मीडिया. ‘दोन’ हा आकडा नीट पाहा. फेसबुकसारखी वॉल, फॉलोअर, लाइक यांची अट कुठेच नाही. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असले की कंपनीवर जादा जबाबदाऱ्या येतात, आणि मेसेजिंग सेवांचा त्यात वेगळा उल्लेख आहे.

गोंधळ एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे मेसेज सांकेतिक रूपात पाठवला जातो त्यामुळे, होतो. वाटेत मेसेज कंपनीला वाचता येत नाही, हे खरंच. पण समोरचा स्क्रीनशॉट काढू शकतो. त्याने रिपोर्ट केलं, तर तुमच्याकडून त्याला आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात.

ॲडमिन मंडळींनी मात्र उगाच धास्ती घेऊ नये. सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, ॲडमिन दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मूळ मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर साधारण दोन दिवसांच्या आत ‘सर्वांसाठी डिलीट’ करता येतो. त्यानंतर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.