फाइल कशी लावावी

सगळ्यात आधी एक फाइल आणा. जाड पुठ्ठ्याची आणा, ती तुमच्या मुलाच्या बालपणापेक्षा जास्त टिकायची आहे. रंग कुठलाही चालेल, फक्त गुलाबी नको. मुख्याध्यापकांच्या टेबलावर गुलाबी फाइल लग्नपत्रिकेसारखी दिसते आणि ते हसून ती बाजूला सारतात.

तुमचं पोर गोष्टी रंगवून सांगतं, शेजाऱ्यांच्या मोबाइलचं लॉक चुटकीसरशी उघडतं, आणि धड्याची पहिली ओळ वाचायला घेतली की घामाघूम होतं? ‘घर’चं ‘धर’ करतं, ‘भात’चा ‘मात’? अभिनंदन. बहुतेक हा डिस्लेक्सिया असेल, म्हणजे डोकं चालतं पण वाचणं-लिहिणं अडतं, आणि त्याच्या सवलती मिळवण्याची दहा वर्षांची नोकरी तुम्हाला लागली आहे. पगार नाही, पण फिरती भरपूर.

घाई मात्र करू नका. पहिलीतच काही खटकलं तर मनात ठेवा. पहिलीच्या बाई म्हणतील, ‘मुलगे उशिराच लागतात मार्गाला.’ दुसरीच्या बाई म्हणतील, ‘पहिलीतला पाया कच्चा राहिलाय.’ तिसरीच्या बाई विचारतील, ‘इतके दिवस काय करत होतात?’ तिघींचंही खरं माना. सरकारचाही शब्द पडू देऊ नका: केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र मिळायला मूल आठ वर्षांचं व्हावं, असं लिहिलं होतं. मग चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी आणखी एकदा. डिस्लेक्सिया जन्मभर सोबत असतो हे सगळ्यांना मान्य आहे, फक्त मधल्या काळात तो सोडून तर गेला नाही ना, एवढं दाखवून यायचं. पेन्शनर लोक हयातीचा दाखला देतात तसं.

शाळेत पहिल्याच भेटीत ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द काढू नका. तो इंग्रजी माध्यमाचा आजार आहे. ‘मराठीत असलं काही नसतं, आपण बोलतो तसंच लिहितो,’ हे तुम्हाला खुद्द मराठीचे सर सांगतील. मान डोलवा. ‘कि’ म्हणताना आधी क येतो आणि लिहिताना आधी वेलांटी, हे त्यांना विचारू नका. ‘सूर्य’मधला र तोंडातून य च्या आधी निघतो आणि कागदावर मात्र य च्या डोक्यावर जाऊन बसतो, हेही नको. हा र एकटाच चार वेषांत हिंडतो: सूर्यात रफार, सुऱ्यात आडवा, प्रकाशात तिरपी रेघ, ट्रकमध्ये छत्री. दोन इयत्तांत त्याची सगळी सोंगं ओळखायची, नाही ओळखली तर मूल ‘ढ’.

‘ढ’ बद्दल मात्र आपण अभिमान बाळगावा. मुलाला वाचता येत नाही या तक्रारीचं निदान एका अक्षरात करणारी भाषा मला दुसरी माहीत नाही. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकी सगळी अक्षरं बदलली, एकटा ढ होता तसाच राहिला, म्हणून मागे राहणाऱ्याला ‘ढ’ म्हणतात, असं सांगतात. आमच्या चिरंजीवांना हे अक्षर चौथीपर्यंत लिहिताच येत नव्हतं. तेवढी एकच पदवी मिळाली होती, तीही स्वतःच्या हाताने लिहिता येईना.

गणिताच्या बाबतीत तर तोंडावर बोट. ‘त्रेचाळीस’ म्हणताना आधी तीन ऐकू येतात, लिहायचे मात्र आधी चार. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचायची पद्धत आली तेव्हा अख्खा महाराष्ट्र पोट धरून हसला होता. मुख्यमंत्री फडणवीसांच्या आडनावावरही कोट्या झाल्या. मीही चार ग्रुपांवर त्या पुढे पाठवल्या. त्याच आठवड्यात मुलाच्या वहीत त्रेचाळीसच्या जागी 34 होते आणि त्यावर लाल फुली. हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवायचं मला सुचलं नाही. फाइल तेव्हा नवी होती.

आता अर्ज. अर्ज विनंतीचाच करा, हक्काचा नको. ‘मागणी’ हा शब्द आला की समोरचा खुर्चीत ताठ होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत काढली असेल तर फाइलच्या तळाशी ठेवा, माळ्यावर पितळेची भांडी ठेवतात तशी. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलाच) लवकरात लवकर ओळखून तसं शिकवावं असं त्याच्या कलम 16 मध्ये आहे, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट कलम 17 मध्ये. ही कलमं पाठ करा आणि विसरा. मी एकदा कलम बोलले. मुख्याध्यापक म्हणाले, ‘वकील आहात का?’ मी नाही म्हटलं. ‘मग कशाला त्रास घेता,’ म्हणाले आणि खरंच काळजीने चहा मागवला.

आणि पोच घ्या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय शाळेचा उंबरठा ओलांडू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे आईने केलेली कुरकुर. शिपाईमामांशी गोडीने राहा. शिक्का कुठल्या ड्रॉवरमध्ये असतो हे संपूर्ण शाळेत त्यांनाच माहीत असतं.

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ म्हणून रागावू नका. इतिहास बघा. ससेक्समधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने 1896 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार, पण स्वतःचं नाव लिहिताना त्याने ‘पर्सी’चं ‘प्रेसी’ केलं आणि दाखवून दिलं तरी चूक त्याला चटकन दिसली नाही. त्याचे मास्तर म्हणाले होते, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यांत चलाख मुलगा ठरला असता. महाराष्ट्राने अशा मुलांना परीक्षेत रीतसर सवलती दिल्या त्या 1996 मध्ये, देशात सगळ्यांत आधी. बरोबर शंभर वर्षं. त्या हिशोबाने तुमच्या शाळेने अर्ज तीन महिने दाबून ठेवला तर ती घाईच म्हणायची.

तर आता प्रमाणपत्र. बुद्ध्यांकाची चाचणी, वाचन-लेखनाची चाचणी, डोळे, कान, बालरोगतज्ज्ञ, हे सगळं एकाच दिवशी होईल असं समजून जाऊ नका. एसटीने जिल्ह्याच्या गावी जा, सोबत डबा न्या. डोळ्यांचे डॉक्टर असतात त्या दिवशी मानसशास्त्रज्ञ नसतात. खासगी केंद्राचा सुबक बांधलेला रिपोर्ट तुमच्याकडे असेल तर तो आदराने बाहेरच ठेवा, बोर्डाला सरकारी लागतो. रांगेत मुलाला ‘आपण कशाला आलोय?’ असा प्रश्न पडेल. आधीपासून उत्तर तयार ठेवा. मी ठेवलं नव्हतं. ‘तू हुशार आहेस हे लिहून घ्यायला,’ असं काहीतरी म्हणाले. तो म्हणाला, ‘मग रडतेस का?’

यथावकाश प्रमाणपत्र मिळेल आणि त्याच दिवसापासून तुम्ही नशीबवान ठराल. ‘तुमचं बरं आहे बाई, तासाला 20 मिनिटं जास्त.’ ‘बीजगणित-भूमिती नाही, सातवीचं अंकगणित? मज्जा आहे की!’ कोणी बाजूला घेऊन हळूच विचारेल, ‘कुठे मिळतं हो, आमच्या हिलाही काढायचं होतं.’ पत्ता सांगा. डबा न्यायलाही सांगा.

लेखनिकाचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. पुष्कळांच्या मते लेखनिक म्हणजे राजमान्य कॉपी. अशा वेळी ज्ञानेश्वरांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली ती कॉपी होती का, असं तुमच्या ओठांवर येईल. गिळा. नेवाशात कोणी परवानगीचं पत्र मागितलं नव्हतं, हा मुद्दा केबिनमध्ये टिकत नाही. व्यासांच्या गणपतीचा दाखला तर मुळीच देऊ नका, कारण लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो आणि विद्येची देवता पहिल्याच छाननीत बाद होते.

म्हणजे दहावीसाठी नववीतलं मूल शोधा. अक्षर बरं हवं, मराठी-इंग्रजी दोन्ही लिहिणारं हवं, मार्चमध्ये रिकामं हवं, आणि त्याची स्वतःची वार्षिक परीक्षा तोंडावर असताना ‘जा बाळा’ म्हणणारी आई त्याला हवी. अशी आई भेटलीच तर तिला साडी घ्या. आम्ही मागच्या गल्लीतली एक मुलगी ठरवली. अक्षर मोत्यांसारखं. सरावाला बसली आणि पहिल्याच उत्तरात चिरंजीवांचं वाक्य दुरुस्त करून लिहू लागली. ‘काकू, त्याचं कर्तरी प्रयोगात येतच नाही,’ म्हणाली. तिला नुसतं ऐकायचं आणि लिहायचं हे शिकवायला आठ दिवस गेले. वर्षानुवर्षं शाळेत जाऊन तिला हे पहिल्यांदाच करावं लागत होतं.

एक गोष्ट मी तपासणीच्या वेळी शिकले, ती फुकट सांगते: अर्ज करणाऱ्या पालकाला स्वतःला उत्तम वाचता-लिहिता आलं पाहिजे. ही सगळी व्यवस्था तसं धरूनच बांधलेली आहे. मूल वाचू शकत नाही हे सिद्ध करायला अकरा पानं वाचावी लागतात. त्यांतल्या चौथ्या पानावर प्रश्न होता: कुटुंबात आणखी कोणाला वाचन-लेखनात अडचण? मी बेधडक ‘नाही’वर खूण करायला निघाले. हे शेजारीच बसले होते. म्हणाले, ‘थांब.’

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षं हे चष्मा विसरत होते. पेपर मी वाचून दाखवायचा, हॉटेलात मेनू मी सांगायचा, निरोपाला कायम आवाजी मेसेज. मला तो लाडाचा भाग वाटायचा. डिस्लेक्सिया पुष्कळदा घराण्यात चालत येतो, हे तिथल्या मॅडमनी इतक्या सहज सांगितलं की जणू नाकाबद्दल बोलत होत्या. घरी येऊन सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘हो, मारून मारून हात दुखले होते मास्तरांचे.’ त्यांनाही वाईट वाटलं असावं. कारण पुढे बराच वेळ त्या उगाच लसूण सोलत बसल्या.

तेव्हा शक्यतो लिहिण्या-वाचण्याचं काम आईनेच करावं. फक्त यंदा दहावीच्या सवलतीचा अर्ज शाळेत द्यायला गेलो आणि लिपिक म्हणाले, वडिलांच्या नावाने आहे तर वडिलांच्याच हस्ताक्षरात आणा. हा नियम कुठला, हे मी विचारलं नाही. पाहा, मी शिकतेय. हे तिथेच बाकावर बसले, जीभ दातांत धरून पाऊण तास लिहीत होते. चिरंजीव शेजारून बघत होते. लिपिकांनी कागद घेतला, लाल पेनाने एका शब्दाभोवती गोल केला आणि परत दिला.

‘मुलाचं नाव तरी नीट लिहा.’

आडनावातला रफार शेजारच्या अक्षरावर गेला होता. ह्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला, आणि मुलाकडे सरकवला. मुलाने एकदा वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं.

‘बरोबर तर आहे,’ म्हणाला.

मी फाइलमधून दुसरा कोरा कागद काढला. कोरे कागद नेहमी जास्तीचे ठेवा.